आईला केअर सेंटरमध्ये ठेवायचं आहे, फ्लॅट आधी माझ्या नावावर करून घेऊ का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही न्यू जर्सीत, बहीण ठाण्यात, आई कोथरूडच्या टू बीएचके फ्लॅटमध्ये एकटी. वय ७६. वडील २०१४ मध्ये गेले. गेल्या वर्षी आईला अल्झायमरचं निदान झालं. अजून ती सगळ्यांना ओळखते, पेपर वाचते, पण दोनदा गॅस चालू राहिला आणि ब्युरोच्या मावशी दोन महिन्यांवर टिकत नाहीत. बहिणीने पाहिलेल्या केअर सेंटरचा खर्च औषधं-डायपर धरून महिना ५५,००० रुपये. आईला कुटुंब निवृत्तिवेतन २८,००० आणि ठेवी १८ लाखांच्या. तुमचे ऑफिसातले सहकारी सांगतात की पाच वर्षं आधी घर मुलांच्या नावावर केलं नाही तर नर्सिंग होमच्या खर्चात घर जातं. म्हणून डिसेंबरात याल तेव्हा बक्षीसपत्र करून फ्लॅट तुमच्या नावावर करून घ्यायचा विचार आहे.

मी पुण्यात मालमत्ता आणि वारसाहक्काची वकिली करते, तेवीस वर्षं झाली. गेल्या दहा वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा आला, आणि तुमच्यासारखीच पाच वर्षांची भीती घेऊन आला. म्हणून आधी ती भीती दूर करते.

तुमचे सहकारी खोटं सांगत नाहीत, पण ते त्यांच्या देशाचं सांगताहेत. अमेरिकेत दीर्घकाळच्या शुश्रूषेचा खर्च मेडिकेडकडून (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची तिथली सरकारी आरोग्य योजना) मिळवायचा तर अर्जाच्या आधीच्या ६० महिन्यांत कोणी काय बक्षीस दिलं ते तपासलं जातं, आणि माणूस गेल्यावर राज्य सरकार त्याच्या घरातून तो खर्च वसूल करू शकतं. म्हणून तिथे लोक घर वेळेत मुलांकडे वळवतात. आपल्याकडे सरकार केअर सेंटरचा खर्च देतच नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवचही रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे; रोज आंघोळ घालणं, भरवणं, रात्री लक्ष ठेवणं त्यात बसत नाही. सरकार खर्च देत नाही, त्यामुळे घरावर त्याचा हक्कही येत नाही. तुमच्या आईचा फ्लॅट वाचवायचा तो सरकारपासून नाही.

मग कशापासून? माझ्या अनुभवात अशा घरांचं नुकसान होतं ते मालकाची सही चालेनाशी झाल्यामुळे. घर असतं, ठेवी असतात, मुलं चांगली असतात, पण भाडेकरार करायचा, ठेव मोडायची किंवा सोसायटीच्या पुनर्विकासाला संमती द्यायची म्हटलं की कागदावर सही करू शकणारं कोणीच नसतं. घर बंद पडून राहतं, मुलं पदरचे पैसे घालत राहतात आणि कोणी जास्त घातले यावरून भावंडांत अबोला धरला जातो. तुमच्या आईची सही आज चालते. किती महिने चालेल हे तिच्या डॉक्टरांनाही नक्की सांगता येणार नाही. त्यामुळे घर कोणाच्या नावावर करायचं यापेक्षा या महिन्यांत कोणती कामं पुरी करायची, याचा विचार आधी करू.

त्याआधी एक गोष्ट तपासा: फ्लॅट खरोखर आईचा आहे का? तुम्ही लिहिलंय की बाबांनंतर तो आईच्या नावावर झाला. कसा झाला? सोसायटीत बाबांनी नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं होतं, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव चढवलं, इतकंच झालं असेल तर त्याने मालकी ठरत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने ताबा सांभाळणारा असतो. बाबांच्या एकट्याच्या नावाचा फ्लॅट असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, तुम्ही आणि बहीण असे तिघे सारखे वाटेकरी झालात (आजी तेव्हा हयात असेल तर तिचाही वाटा). म्हणजे एक तृतीयांश तुमचा आधीच आहे आणि आई बक्षीस देऊ शकते ते फक्त तिच्या तृतीयांशाचं. मूळ करारनामा आणि त्याची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताचा उतारा) काढा, त्यावर खरेदीदार म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. निम्म्याअधिक कुटुंबांना हे माझ्या टेबलाशी बसल्यावर पहिल्यांदा कळतं.

आता सहीबद्दल. अल्झायमरचं निदान झालं म्हणून माणसाची सही बाद होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२ एवढंच बघतं की सही करताना आपण काय करतोय आणि त्याचे परिणाम काय हे त्या व्यक्तीला समजत होतं का. मृत्युपत्रालाही साधारण हीच कसोटी. तुमची आई सकाळी नऊला अगदी नीट असेल आणि संध्याकाळी गोंधळत असेल तर सकाळी नऊला केलेली सही चालते. पण पुढे कोणी आक्षेप घेतला तर ते सिद्ध करावं लागतं. मी तिच्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा शक्यतो त्याच दिवसाचा दाखला घेते. आणि दस्त वाचून दाखवताना मुलांना बाहेर बसवते. बरीच मुलं यावर नाराज होतात. पण आईला एकटीला विचारल्यावर कधीकधी मुलांच्या सांगण्यापेक्षा वेगळंच उत्तर येतं, आणि घर तिचं असल्यामुळे ते उत्तर ऐकणं माझं काम आहे.

पुढचा गैरसमज मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने सही-व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाचा. बहुतेक जण सांगतात, ‘आईचं कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता काळजी नाही.’ काळजी आहे. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्र संपतं. अमेरिकेत क्षमता गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही ते करून ठेवता, नेमकं त्याच दिवशी ते निकामी होतं. त्यानंतर एक मोठा दरवाजा उरतो तो उच्च न्यायालयाचा. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमायची तरतूद होती, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात ती राहिली नाही. त्यामुळे घरच्यांना घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करून पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी, बाकीच्या वारसांचं म्हणणं, सगळं द्यावं लागतं. न्यायालयं अशा अर्जांकडे सहानुभूतीने बघतात, मी स्वतः पाहिलं आहे, पण वेळ आणि पैसा जातोच, आणि तोवर केअर सेंटरचं बिल थांबत नाही.

म्हणून मी अशिलांना सांगते की आज पुरी झालेली कामं टिकतात, उद्यासाठी दिलेले नुसते अधिकार टिकत नाहीत. मुखत्यारपत्र करा, बहिणीच्या नावे करा कारण ती इथे आहे, नोंदणीकृत करा. पण ते मधल्या काळासाठी. त्या काळात पुढची कामं हातावेगळी करायची.

ठेवी आई आणि बहीण अशा संयुक्त नावावर, दोघींपैकी कोणालाही चालवता येतील अशा करून घ्या, आणि मुदतीआधी मोडण्याची संमती बँकेत आत्ताच लिहून द्या. निवृत्तिवेतनाचं खातं आईचंच राहू द्या, त्यातून दरमहा संयुक्त खात्यात रक्कम जाईल अशी स्थायी सूचना द्या. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला कोण करणार हे ठरवून ठेवा. तो राहिला की पेन्शन थांबतं, आणि केअर सेंटरमध्ये असलेल्या माणसाच्या बाबतीत तो हमखास राहतो. पुढे सही करता आली नाही तरी अंगठा किंवा खूण करून, बँकेच्या अधिकाऱ्यासह दोन साक्षीदारांपुढे, पैसे काढू देण्याची पद्धत बँकांत आहे. शाखेत जाऊन ती आधीच विचारून घ्या.

दुसरं काम मृत्युपत्राचं. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. तुमच्या आईच्या बाबतीत मात्र मी नोंदणी करून घ्यायला सांगेन, कारण निदान कागदोपत्री आलेलं आहे आणि प्रश्न विचारले जाण्याची शक्यता आहे. आईला कार्यालयात नेणं कठीण झालं तर दुय्यम निबंधकांना अर्ज करून ते घरी येऊ शकतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे.

तिसरं, फ्लॅटचा भाडेकरार. इथे हिशोब मांडते. केअर सेंटरचे वर्षाला ६ लाख ६० हजार. निवृत्तिवेतनाचे ३ लाख ३६ हजार. तूट ३ लाख २४ हजार. फ्लॅटला महिना २६,००० भाडं आलं आणि देखभाल, मिळकत कर जाऊन २२,००० हातात राहिले असं धरलं तर २ लाख ६४ हजार. उरली तूट साठ हजारांची. अठरा लाखांवर साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला एक लाख सतरा हजार. म्हणजे आजच्या दरांनी मुद्दलाला हात न लावता आईचा खर्च निघतो, थोडं शिल्लकही राहतं. हा आजार वर्षानुवर्षं चालतो आणि केंद्राचे दर वाढत जातात, त्यामुळे हे गणित पाच-सात वर्षांनी ताणलं जाईल. पण आज फ्लॅट विकायची किंवा हलवायची निकड नाही, आणि हेच मला या गणितातून बघायचं होतं.

करार लीव्ह अँड लायसन्सचाच करा आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने नोंदणी बंधनकारक आहे, आणि मुदत संपल्यावर माणूस निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे लवकर दाद मागता येते. सगळे अकरा महिन्यांचा करार करतात. तुमच्या बाबतीत मी तीन वर्षांचा, दरवर्षी ठरावीक वाढीचा करार सुचवेन, कारण अकरा महिन्यांनी आईची सही चालेल का हे माहीत नाही. दोन बारीक खर्च धरून चाला: मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका मिळकत करात देते ती ४० टक्के सवलत भाड्याने दिल्यावर जाते.

हे सगळं लगेच करा, पण घर लगेच रिकामं करू नका. पहिले तीन-चार महिने फ्लॅट जसाच्या तसा ठेवा. केंद्र आईला मानवत नाही असं होऊ शकतं. ‘मला घरी जायचंय’ हे ती रोज म्हणेल, आणि कधीतरी रविवारी तिला तिच्या स्वतःच्या खुर्चीत नेऊन बसवता येणं फार मोलाचं असतं. चार महिन्यांचं भाडं बुडेल, ते बुडू द्या. भाडेकरू आधी ठरवून ताबा पुढच्या तारखेपासून द्यायचा, असा करारही करता येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, बक्षीसपत्र करावं का. महाराष्ट्रात आईने मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर शहराप्रमाणे अधिभार. इतकं स्वस्त असल्यामुळेच लोक पटकन करून टाकतात. तुमच्या बाबतीत मी नको म्हणेन, आणि माझी कारणं अशी.

फ्लॅट तुमच्या नावावर झाला की भाडं अनिवासी माणसाचं उत्पन्न ठरतं. भाडेकरूला दरमहा तीस टक्क्यांवर कर कापून भरावा लागतो, म्हणून चांगले भाडेकरू अशा घराला नाही म्हणतात. विकायची वेळ आली तर खरेदीदारालाही तुमच्या रकमेतून मोठा कर कापावा लागतो. परदेशातल्या व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं तर अमेरिकेत ३५२० क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, न भरल्यास दंड मोठा आहे. तिथल्या कर सल्लागाराशी बोलल्याशिवाय काहीही स्वीकारू नका. हे पैशांचं झालं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते बहिणीचं. आईला डॉक्टरकडे नेते ती, केअर सेंटर बघून आली ती, रात्री दोनला फोन येणार तिला. तुम्ही तिच्याशी या विचाराबद्दल बोलल्याचं प्रश्नात कुठे दिसलं नाही. निदान झाल्यानंतर एका मुलाच्या नावे झालेलं बक्षीसपत्र हे न्यायालयात जाणाऱ्या भांडणाचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, पण कागदावर हेतू दिसत नाही, तारीख दिसते.

पण बक्षीसपत्र नेहमीच चुकीचं असं नाही. निवृत्तिवेतन नाही, ठेवी नाहीत, दोन-तीन वर्षांत फ्लॅट विकूनच खर्च भागवावा लागणार आहे अशी घरं असतात. तिथे आईची क्षमता गेल्यावर विक्री अडकणार हे उघड असतं, म्हणून क्षमता असताना दोन्ही मुलांच्या नावे एकत्र बक्षीस देणं मी स्वतः सुचवलं आहे. त्यात दोन अटी स्पष्ट लिहिते: आईचा हयातभर राहण्याचा आणि भाड्याचा हक्क, आणि तिचा सगळा सांभाळ मुलांनी करायचा. दुसरी अट का, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ केला नाही तर, परत मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अशी अट असणं महत्त्वाचं मानलं, आणि जानेवारी २०२५ मधल्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगून आईला घर परत दिलं. अट दस्तातच लिहिलेली असली की वाद घालायला जागा राहत नाही.

रिव्हर्स मॉर्गेजचं, म्हणजे घर तारण ठेवून बँकेकडून हप्त्याहप्त्याने पैसे घेण्याचं, तुम्ही शेवटी विचारलंय. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेची ही योजना साठीपुढच्यांसाठी चांगली आहे, पण ती मालक स्वतः राहत असलेल्या घरासाठी आहे. मालक सलग वर्षभर घराबाहेर राहिला तर तो कायमचा बाहेर गेला असं धरून कर्ज परतफेडीला येऊ शकतं. घरी राहून मावशी ठेवायच्या असत्या तर विचार केला असता, केअर सेंटरसाठी ती जुळत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी बहिणीशी बोला, फोनवर नाही, व्हिडिओवर, निवांत. मग मूळ करारनामा आणि इंडेक्स टू. मग डॉक्टरांची भेट आणि क्षमतेचा दाखला. मग बँक, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, भाडेकरार. फ्लॅट आईच्या नावावर राहू द्या, किंवा तिघांचा निघाला तर तिघांच्या. तसा निघाला तर भाडेकरारावर तुमचीही सही लागेल, आणि तुमच्या वाट्याच्या भाड्याला वर सांगितलेला कर लागेल. तो टाळायचा तर तुमचा वाटा हक्कसोडपत्राने आईच्या नावे सोडता येतो, पण तेही मृत्युपत्राच्या आधी, बहिणीच्या संमतीने, आणि घाईत नाही.

डिसेंबरपर्यंत थांबलं तर चालेल का, असं विचारलंत. मी थांबणार नाही. यातलं बहुतेक काम तुमच्याविना होतं. बहिणीला या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगा. तुमच्या सहीचे कागद वकिलातीत साक्षांकित करून पाठवता येतात. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं एवढं लक्षात ठेवा. आणि तिकीट पुढे-मागे करता येत असेल तर अलीकडे ओढा. आई तुम्हाला नावाने हाक मारते आहे तोवर तिच्याजवळ बसून घराचं काय करायचं हे तिलाच विचारता येईल.